नाकीडोळी नीटस, तरीही

हैदराबाद मेट्रोची निळी लाइन अमीरपेट सोडून रायदुर्गच्या दिशेला लागली, की ज्युबिली हिल्स चेकपोस्टच्या पुढे खिडकीतून पाट्याच पाट्या दिसू लागतात. साड्या, हिऱ्यांचे दागिने आणि त्यांच्या वरखालच्या मजल्यांवर स्किन, हेअर, लेझर, स्माइल, स्लिमिंग. इथे पत्ता सांगताना रस्त्याच्या नावापेक्षा मेट्रोच्या खांबाचा नंबर सांगतात. ‘अमुक नंबरच्या पिलरसमोर’ एवढ्यावर माणूस नाकाच्या डॉक्टरच्या दारात बरोबर पोचतो. एका अंगाला फिल्मनगर, दुसऱ्या अंगाला हायटेक सिटी. चेहरा हेच भांडवल असलेली मंडळी आणि एक तारखेला पगार जमा होणारी तरुण पोरंपोरी, दोन्ही गिऱ्हाइकं हाकेच्या अंतरावर. कॉस्मेटिक दवाखाने इथे गजबजले यात नवल नाही.

या दारांतून आत जाणाऱ्या बहुतेक बायकांना काहीही झालेलं नसतं, आणि त्यांना नावं ठेवायचंही कारण नाही. मुरमांचे खड्डे, गालांवरचे वांग, हनुवटीवरची लव, बाळंतपणानंतर सैल पडलेलं पोट यांचं काही करता येत असेल तर ते करून घ्यावंसं वाटणं ही साधी इच्छा आहे. ‘हल्लीच्या मुलींची थेरं’ असं म्हणणाऱ्यांनी आपल्याच घरात आलेल्या स्थळांची पत्रं आठवून पाहावीत. ‘गोरी, सडपातळ, नाकीडोळी नीटस’ हे शब्द मुलींनी निवडलेले नव्हते. ‘फेअर अँड लव्हली’ १९७५ साली बाजारात आली आणि तिच्या नावातला ‘फेअर’ जायला २०२० उजाडलं. साडेचार दशकं ट्यूब पिळत वाढलेल्या समाजाने आता बोटॉक्सला नाक मुरडू नये.

पण दवाखान्याच्या प्रतीक्षागृहात बसलेल्या दहापैकी एखादी वेगळंच काही घेऊन आलेली असते, आणि सगळी अडचण तिची आहे.

तिची ओळख करून घेऊ. ही कोणी खरी मुलगी नव्हे. मानसोपचाराच्या पुस्तकांतून वारंवार येणारी लक्षणं एकत्र करून उभी केलेली आहे. वय सव्वीस-सत्तावीस, माधापूरच्या कंपनीत नोकरी, घर काचीगुड्याला, मराठी. डॉक्टरांसमोर बसताना ती उजेडाकडे डावी बाजू करून बसते, कारण उजवीकडून नाक ‘जास्त वाकडं’ दिसतं. फोनमध्ये स्वतःच्या नाकाचे शेकडो फोटो: वरून, खालून, ट्यूबलाइटखाली, बाल्कनीत. याआधी दोन ठिकाणी दाखवून झालंय. एकाने ‘काही करायची गरज नाही’ म्हणून परत पाठवलं, दुसऱ्याने फिलर भरलं आणि महिनाभर बरं वाटलं. ऑफिसात ती दर अर्ध्या तासाला वॉशरूममध्ये जाते. मावसबहिणीच्या लग्नाला गेली नाही, फोटोग्राफर होता म्हणून. आई सांगते, ‘अगं, काही नाहीये तुझ्या नाकाला.’ मुलगी उत्तर देते, ‘तू आई आहेस, तू असंच म्हणणार.’ डॉक्टर नाक बघतात. नाक ठीक आहे. शेंड्याशी किंचित गोलाई, ती तर निम्म्या हैदराबादच्या नाकाला आहे.

या दुखण्याला बॉडी डिसमॉर्फिक डिसऑर्डर म्हणतात, डॉक्टर मंडळी थोडक्यात ‘बीडीडी’ म्हणतात. दिसण्यातला एखादा दोष, जो इतरांना दिसतच नाही किंवा दिसला तर जेमतेम दिसतो, तो मनात ठाण मांडून बसतो. त्यापायी आरशात पुन्हापुन्हा बघणं, झाकणं, पावडर थापणं, कातडी खुडणं, इतरांशी तुलना करणं, ‘कसं दिसतंय?’ विचारत राहणं, ही कामं दिवसाचे कित्येक तास खातात. तीन ते आठ तास हे काही दुर्मीळ नाही. सगळ्यात जास्त तक्रारी त्वचा, केस आणि नाक यांच्या. सुरुवात बहुधा सोळा-सतराव्या वर्षी होते आणि दवाखान्यात येईपर्यंत त्यावर दहा वर्षं सहज लोटलेली असतात. त्यातल्या निदान तिघींपैकी एकीला आपला चेहरा विद्रूप आहे याची पक्की, शंभर टक्के खात्री असते. तिथे समजूत घालण्याला जागाच उरत नाही.

या आजाराला पहिलं नाव दिलं इटलीच्या एन्रिको मोर्सेली या मनोविकारतज्ज्ञाने. त्याने १८९१ साली ‘डिसमॉर्फोफोबिया’ या नावाखाली अशा रुग्णांचं वर्णन केलं. कामाच्या, जेवणाच्या, गप्पांच्या मध्येच अचानक धास्ती घेऊन आरशाकडे धावणारी ही माणसं त्याने तेव्हाच नीट टिपली होती. योगायोग असा, की नेमक्या त्याच सुमाराला हैदराबादेत कॉस्मेटिक सर्जरीची दुसरी बाजू घडत होती. निजामाच्या पैशाने, डॉ. एडवर्ड लॉरी यांच्या पुढाकाराने १८८८ आणि १८८९ मध्ये दोन ‘हैदराबाद क्लोरोफॉर्म कमिशन’ बसली. भूल देताना माणूस दगावतो तो श्वास थांबल्याने की हृदय थांबल्याने, हा वाद लंडनच्या ‘लॅन्सेट’पर्यंत गाजला. या कामात असलेल्या रूपाबाई फर्दुनजी जगातल्या पहिल्या स्त्री भूलतज्ज्ञांपैकी एक मानल्या जातात. भूल सुरक्षित झाल्याशिवाय नुसत्या दिसण्यासाठी कोणी सुरीखाली झोपलं नसतं. म्हणजे नको तिथे नाक बघणाऱ्या मनाचं वर्णन आणि नाक निर्धास्तपणे कापता यावं यासाठीची धडपड, दोन्ही दोन-तीन वर्षांच्या अंतराने घडली.

त्याच्याही शंभर वर्षं आधी आपल्या पुण्यात नाकाची एक शस्त्रक्रिया झाली होती आणि तिने युरोपचा श्वास रोखला होता. टिपूविरुद्धच्या युद्धात इंग्रज, निजाम आणि मराठे एका बाजूला होते. इंग्रज फौजेत बैल हाकणारा कावसजी टिपूच्या तावडीत सापडला, त्याचं नाक आणि एक हात कापला गेला. वर्षभराने पुण्याजवळ विटा करणाऱ्या जातीतल्या एका कारागिराने मेणाचा साचा करून, कपाळाची कातडी वळवून त्याला नवं नाक बसवलं. क्रूसो आणि फिंडले हे मुंबई इलाख्याचे दोन सर्जन तिथे हजर होते. ही हकिगत १७९४ साली लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’मध्ये चित्रासह छापून आली आणि वीस वर्षांनी जोसेफ कारप्यू याने ती पद्धत इंग्लंडात वापरली. कावसजीचं दुःख सगळ्या गावाला दिसत होतं आणि इलाजही सगळ्या गावाला दिसला. माधापूरच्या मुलीचं दुःख तेवढंच खरं आहे. फरक इतकाच, की ते नाकावर नाही, त्यामुळे नाकावर केलेला इलाज त्याला लागू पडत नाही.

किती जणींना हे असतं? डेव्हिड व्हील आणि सहकाऱ्यांनी २०१६ साली वेगवेगळ्या देशांतल्या अभ्यासांची गोळाबेरीज केली. समाजातल्या प्रौढांत प्रमाण निघालं १.९ टक्के. त्वचाविकारांच्या बाह्यरुग्ण विभागात ११.३, कॉस्मेटिक सर्जरीसाठी येणाऱ्यांत १३.२ आणि नाकाची सर्जरी करून घ्यायला येणाऱ्यांत २०.१ टक्के. चढती भाजणी स्पष्ट आहे. हा आजार असलेली माणसं मनोविकारतज्ज्ञाकडे फारशी जात नाहीत. ती तिथे जातात जिथे ‘दोष’ दुरुस्त करून मिळतो. समाजात हा आजार पुरुषांनाही जवळजवळ बायकांइतकाच होतो. त्यांचं खूळ बहुधा दंडांचं, केसांचं किंवा उंचीचं असतं. हैदराबादेतच एप्रिल २०१६ मध्ये बऱ्यापैकी उंच असलेल्या एका तरुणाने घरी न सांगता पायांची हाडं कापून उंची वाढवण्याची शस्त्रक्रिया करून घेतली, आईवडिलांना तो दवाखान्यात सापडला आणि पुढे तेलंगणाच्या मेडिकल कौन्सिलने डॉक्टरवर निलंबनाची कारवाई केली. त्या तरुणाला बीडीडी होता असं मी म्हणत नाही, बाहेरून कुणालाच तसं म्हणता येणार नाही. शरीर बदलण्याची इच्छा आणि तो बदल करणारा डॉक्टर यांच्यामध्ये कुणीतरी थांबून चार प्रश्न विचारायला हवेत, एवढंच त्या प्रकरणाने शहराला दाखवलं.

मेंदूत नेमकं काय होतं, याचा थोडा अंदाज आता आला आहे. आपण चेहरा बघतो तो आधी अख्खा, भुवई-डोळे-ओठ नंतर. म्हणूनच फोटो उलटा धरला तर ओळखीचा चेहराही पटकन ओळखू येत नाही, कारण अख्खा बघण्याची सवय तिथे कामी येत नाही. जेमी फॉइस्नर आणि त्यांच्या लॉस एंजेलिसच्या गटाने बीडीडी असलेल्यांना असे उलटे चेहरे दाखवले, तेव्हा त्यांचा वेग इतरांइतका मंदावला नाही. त्यांना अख्खा चेहरा नकोच होता, ती तुकडे मोजत होती. २००७ च्या एका अभ्यासात मुद्दाम धूसर केलेले चेहरे दाखवले, ज्यात बारकावे उरलेलेच नव्हते. तरी त्यांच्या मेंदूचा बारकावे शोधणारा भाग काम करत राहिला. नसलेला तपशील शोधायचा हा उद्योग चोवीस तास चालू असेल तर कधी ना कधी तो सापडणारच.

त्यात फोनने भर घातली. हातभर अंतरावरून काढलेला फोटो खोटा असतो, हे कुणी शाळेत शिकवत नाही. बोरिस पास्कोव्हर यांच्या गटाने २०१८ साली गणित मांडलं: बारा इंचांवरून काढलेल्या सेल्फीत नाकाचा बुडखा पाच फुटांवरून काढलेल्या फोटोच्या मानाने सुमारे ३० टक्के जास्त रुंद दिसतो. जवळची वस्तू मोठी दिसते आणि चेहऱ्यात कॅमेऱ्याला सगळ्यात जवळ असतं ते नाक, इतकं साधं आहे हे. नंतर आले फिल्टर, आणि फिल्टर लावलेला स्वतःचाच फोटो घेऊन ‘असं करून द्या’ म्हणणारी गिऱ्हाइकं. लॉकडाऊनमध्ये गचिबावलीच्या कंपन्या घरी गेल्या आणि मीटिंगच्या चौकटीत दिवसभर स्वतःचाच चेहरा समोर ठेवायची वेळ आली. माणसाला बोलताना स्वतःचा चेहरा बघायची सवय कधीच नव्हती. अमेरिकेतल्या त्वचाविकारतज्ज्ञांनी तेव्हा ‘झूम डिसमॉर्फिया’ असं नावही देऊन टाकलं. फोनमुळे बीडीडी होतो असं म्हणणं उथळ ठरेल. मोर्सेलीच्या काळी कुठे असले फोन होते! ज्याला आग लागलेलीच आहे त्याच्या हातात फोन म्हणजे रॉकेलचा डबा, एवढं म्हणावं.

आता मुख्य प्रश्न. नाक करून दिलं तर काय बिघडलं? तिचं समाधान होईल, डॉक्टरची फी होईल.

समाधान होत नाही, हीच तर गोम आहे. बीडीडी असलेल्यांनी करून घेतलेल्या कॉस्मेटिक उपचारांचा मागोवा घेतल्यावर बहुतेकांच्या आजारात फरक पडलेला नसतो, काहींचा वाढलेला असतो. काहींची नजर नाकावरून हनुवटीवर सरकते, काहींना शस्त्रक्रियेनेच नाक बिघडलं असं वाटू लागतं. याचं सगळ्यात प्रसिद्ध उदाहरण व्हिएन्नाचं आहे. फ्रॉइडचा ‘वुल्फ मॅन’ म्हणून ओळखला जाणारा सेर्गेई पान्केयेव्ह १९२६ च्या सुमाराला रूथ मॅक ब्रन्सविक या विश्लेषकाकडे आला. त्वचेच्या डॉक्टरने नाकावरची एक ग्रंथी काढली आणि तिथे खड्डा पडला, अशी त्याची खात्री होती. खिशात छोटा आरसा, दर थोड्या वेळाने तो काढून नाक बघायचं, पावडर लावायची. किरकोळ उपचार झाला आणि ध्यासाला बसायला हक्काची जागा मिळाली.

सर्जनांनाही याची झळ बसते. अमेरिकन सौंदर्य-शल्यविशारदांच्या २००२ सालच्या सर्वेक्षणात ८४ टक्के जणांनी कबूल केलं, की रुग्ण ठीक वाटला म्हणून शस्त्रक्रिया केली आणि त्याला बीडीडी असल्याचं नंतर कळलं. दहांपैकी चौघांना अशा रुग्णांकडून कोर्टाच्या किंवा मारहाणीच्या धमक्या आल्या होत्या. दुसरी बाजूही सांगायला हवी. आजार सौम्य आणि नाकात काही थोडंफार खरंच असलेल्या स्त्रियांना शस्त्रक्रियेचा फायदा झाला, असं ब्राझीलमधला २०१४ चा एक अभ्यास सांगतो. म्हणजे दार सरसकट बंद करा असं कुणी म्हणत नाही. पण सौम्य की तीव्र हे ठरवायला आधी आजार ओळखावा लागतो, आणि तो ओळखणारा माणूस खोलीत असावा लागतो.

पुष्कळ दवाखान्यांत तो नसतो. आत गेल्यावर पहिली भेट होते ती ‘काउन्सेलर’ची. हसतमुख, फाइल हातात, पॅकेजची किंमत तोंडपाठ, ‘मॅडम, ईएमआय भी है.’ ही समुपदेशक मनाची नसते, पैशांची असते. डॉक्टर दिसतात पंधरा मिनिटं, तेही बऱ्याचदा पैसे भरल्यावर. याच काउंटरवर गोरं करणारी ग्लुटाथायोनची सलाइन विकली जातात, ज्यांना आपल्याकडे त्वचा उजळवण्यासाठी मान्यताच नाही. एकदा का ‘तुमच्या नाकाला आणखी छान करता येईल’ हे वाक्य पांढऱ्या कोटातून ऐकलं, की माधापूरच्या मुलीच्या दृष्टीने खटल्याचा निकाल लागला. आई खोटी ठरली, आरसा खरा ठरला.

खरं तर ओळखायला फार काही लागत नाही. या आजारावर आयुष्यभर काम केलेल्या कॅथरीन फिलिप्स यांनी तयार केलेली प्रश्नावली पाच मिनिटांत भरून होते. दिसण्याची फार काळजी वाटते का? ती कमी व्हावी असं वाटतं का? त्यामुळे लोकांत जाणं, नोकरी, अभ्यास अडतो का? आणि दिवसाचा किती वेळ त्यात जातो? तासाच्या आत असेल तर चिंता कमी, तासाच्या वर गेला की सावध व्हायचं. प्रश्न नाकाचा आकार विचारत नाही, घड्याळ विचारतो. दवाखान्याच्या पहिल्या फॉर्मवर मधुमेह, रक्तदाब, ॲलर्जी यांच्या खाली हा एक रकाना वाढवायला काय जातं, हे मला कळलेलं नाही. म्हणजे कळलं आहे, पण ते कारण लिहिण्यासारखं नाही.

त्यापुढची अडचण घरची. कॉस्मेटिक डॉक्टरने चांगुलपणाने ‘आधी मानसोपचारतज्ज्ञांना भेटा’ म्हटलं, तर आई म्हणते, ‘म्हणजे माझी मुलगी वेडी आहे का?’ हैदराबादेत यासाठी एकच शब्द पुरतो: एर्रागड्डा. आपल्याकडे येरवडा किंवा ठाणे जसं बोललं जातं तसंच. गंमत म्हणजे निजामाच्या काळात हे मनोरुग्णालय आपल्या जालन्याला होतं, १९५० च्या दशकात ते एर्रागड्ड्याला हललं. तर या नावाला भिऊन मुलगी पुन्हा दुसऱ्याच एखाद्या पिलरसमोरच्या कॉस्मेटिक दवाखान्यात जाते. आणि हा आजार थट्टेवारी नेण्यासारखा अजिबात नाही. बीडीडी असलेल्या दर चौघांपैकी साधारण एकाने कधी ना कधी जीव द्यायचा प्रयत्न केलेला असतो. घरात असं काही जाणवलं, तर सरकारची ‘टेली-मानस’ सेवा १४४१६ या नंबरवर कधीही फोन घेते, मराठीतही आणि तेलुगूतही.

उपचार आहेत, आणि ते बऱ्यापैकी चालतात. जागतिक वर्गीकरणांत हा आजार आता ओसीडीच्या, म्हणजे मंत्रचळाच्या, शेजारी बसवला आहे. अमेरिकन यादीत २०१३ साली ते झालं. औषधंही ओसीडीचीच, फ्लुओक्झेटिनच्या गटातली, पण नैराश्याला देतात त्यापेक्षा बहुधा जास्त मात्रेत आणि निदान बारा आठवडे. पंधरा दिवसांत फरक नाही म्हणून गोळ्या सोडून चालत नाही. जोडीला वागणुकीवरची थेरपी. तिच्यात आरशाशी पुन्हा ओळख करून देतात, आणि ते बघण्यासारखं असतं. आरशाला नाक टेकवून उभं राहायचं नाही, हातभर दूर राहायचं. डोक्यापासून पायापर्यंत सगळं सांगत यायचं, एकाच जागी थांबायचं नाही. ‘माझं नाक घाणेरडं’ चालणार नाही. ‘नाकाचा शेंडा गोल, नाकपुड्या मध्यम, डाव्या बाजूला चमकीचं भोक’, असं पोलिसांना हरवलेल्या माणसाचं वर्णन देतात तसं. पहिल्या दिवशी मुलगी तिसऱ्या वाक्याला रडते. काही आठवड्यांनी गुडघ्यापर्यंत पोचते. मग पावडर न लावता खालच्या दुकानात जाऊन दूध आणायचं, फोटोग्राफर असलेल्या बारशाला अर्धा तास बसायचं, असे गृहपाठ येतात.

घरच्यांनाही एक गृहपाठ मिळतो, आणि तो सगळ्यात जड जातो. ‘आई, माझं नाक कसं दिसतंय?’ याला उत्तर द्यायचं नाही. ‘छान दिसतंय गं’ हेसुद्धा म्हणायचं नाही, कारण त्या शब्दांनी दहा मिनिटं बरं वाटतं आणि अकराव्या मिनिटाला प्रश्न परत येतो. आईला वाटतं, आपण किती निर्दय झालो. थेरपिस्ट तिला एकच वाक्य शिकवून ठेवतात: ‘याचं उत्तर मी देणार नाही, हे आपलं ठरलंय. चल, भाजी आणायला येतेस का?’